घरांतील तबकड्या व गाण्याची प्रतवारी

पुस्तकांच्या कपाटावरून घरधन्याची विद्वत्ता ओळखावी असा एक प्रघात आहे. परंतु ज्या पुस्तकांचीं पानें अद्याप फाडलेलींच नाहींत तीं त्या विद्वत्तेविषयीं काय साक्ष देणार? जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांचें तसें नाहीं. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या त्या काळ्या चकत्यांवरून पोलादी पिन जितक्या वेळां फिरे तितक्या वेळां ती त्यांची थोडी थोडी झीज करीत असे. फारशी न वाजविलेली तबकडी ऐशीं वर्षांनंतरहि तुकतुकीत दिसते; शेंकडों वेळां वाजविलेलीच्या रेघा करड्या पडतात. संग्रह करणारानें काय विकत घेतलें हें दुकानदाराच्या पावतीवरून कळेल. त्याच्या घरांत काय ऐकलें गेलें हें मात्र तबकडीच सांगते. एखाद्या कुटुंबाच्या अभिरुचीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास याहून प्रामाणिक दफ्तर मिळणें कठीण.

हा विचार आम्हांस सुचला तो एका घरगुती पेंचामुळें. आमचें सांगलीचें वडिलोपार्जित घर रिकामें करून देण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं आला. माळ्यावरचें सामान उतरवितांना पत्र्याच्या कडा ठोकलेली एक लांकडी पेटी निघाली व तींत त्रेसष्ट तबकड्या मिळाल्या. हा संग्रह आमच्या आजोबांचा. आजोबा शाळामास्तर होते. मिरजेच्या दर्ग्यांतील गाणें ऐकावयास ते दरसाल जात, आणि शास्त्रोक्त गाण्याशिवाय दुसरें कांहीं कानांवर पडूं न देणारे गृहस्थ अशी त्यांची ख्याति आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. तेव्हां आमच्या धाकट्या बंधूंनीं सुचविलें कीं, शास्त्रीय गाण्याच्या तबकड्या तेवढ्या निवडून ठेवाव्या. त्यांतच आजोबांची खरी आठवण आहे. बाकीचा गाळ भंगारवाल्यास देऊन टाकावा. हल्लींच्या घरांत जागेची टंचाई किती, हें वाचकांस सांगावयास नको. सूचना वाजवी दिसली. सोप्यांत सतरंजी अंथरून आम्ही निवड करावयास बसलों. उजवीकडे शास्त्रीय, मध्यें नाट्यगीतें, आणि डावीकडे किरकोळ, म्हणजे भजनें, लावण्या, भावगीतें व बोलपटांतील गाणीं, असे तीन ढीग करण्याचें ठरलें. तास दीड तासाचें काम, अशी आमची समजूत होती. दिवस मावळला तरी तें उरकलें नाहीं. तें कां उरकलें नाहीं, हें सांगणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पहिली अडचण आणली ती खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या तबकड्यांनीं. खांसाहेब मूळचे उत्तरेकडील किराण्याचे. परंतु त्यांची कर्मभूमि महाराष्ट्र व कर्नाटक, आणि राहतें घर मिरजेस. १९३७ सालीं मद्रासेकडील प्रवासांत सिंगपेरुमाळकोइल येथील रेल्वेस्टेशनावर त्यांनीं देह ठेविला, तेव्हां त्यांचें दफनहि मिरजेसच झालें. किराणा घराण्याचे ते आद्यपुरुष मानले जातात. अशा पुरुषाच्या तबकड्या उजव्या ढिगांत जाणार, यांत शंका ती कसली? परंतु आमच्या हातीं ज्या आल्या त्यांत ख्याल होते, तशी झिंझोटीची ठुमरी होती. भैरवींतील ठुमरी होती. 'मानापमान' नाटकांतील एक पद होतें. आणि खरहरप्रिया रागांतील त्यागराजांची तेलुगु कृतिहि होती. एकच गळा, एकच तानपुरा, आणि ढीग मात्र तीन. बरें, झिंझोटीची ती ठुमरी उजवीकडे ठेवावी म्हटलें, तर तीच ठुमरी १९३५ सालच्या 'देवदास' बोलपटांत कुंदनलाल सैगल यांनीं गाइलेली आहे, व ती तबकडीहि पेटींत होतीच. एक शास्त्रीय आणि दुसरी बोलपटी, असें म्हणावें तर फरक कशांत आहे? चिजेंत नाहीं, गाणाराच्या नांवांत आहे. आणि खांसाहेबांसारख्या गवयानें ज्या गोष्टींत विटाळ मानला नाहीं, त्यांत त्यांच्या तबकड्या निवडणारांनीं तो मानावा, हा अधिकार आम्हांस कोणी दिला?

मधला ढीग नाट्यगीतांचा. याची सीमा तरी निश्चित असेल असें वाटलें होतें, कारण तबकडीवर नाटकाचें नांव छापलेलें असतें. परंतु नाटकाच्या गाण्यास स्वतःचें असें माहेर नव्हतेंच. तें पहिल्यापासून सासरीं नांदावयास आलेल्या सुनांचें घर. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें. त्यांतील पदांच्या चाली त्यांनीं कोठून घेतल्या? कीर्तनांतील साकी-दिंडी-कामदांपासून, लावण्यांपासून, आणि त्यांच्या गुर्लहोसूरकडील कानडी मुलखांतल्या गीतांपासून. त्या काळीं या प्रकारांस कोणीं एकमेकांचे सोयरे मानलें नसतें. हरिदासाची व्यासपीठाची जागा निराळी आणि लावणीची निराळी. पण रंगभूमीवर त्यांची पंगत एक झाली, आणि प्रेक्षकांस तींत कांहीं वावगें वाटलें नाहीं.

पुढें १९११ सालीं खाडिलकरांचें 'मानापमान' आलें. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे कोल्हापूरचे, पेटीवादनांत निष्णात, आणि बैठकीच्या गाण्याचे जाणकार. त्यांनीं पूर्वेकडील ठुमऱ्या, दादरे व कजऱ्या यांच्या चाली मराठी पदांस दिल्या. १९१६ च्या 'स्वयंवरां'त भास्करबुवा बखल्यांनीं याच्या उलट दिशेनें जाऊन ख्यालाच्या बंदिशींवर पदें बसविलीं; आणि भास्करबुवा तरी कोणाचे शिष्य? बडोद्याचे फैज महंमदखां, आग्ऱ्याचे नत्थनखां व पुढें अल्लादियाखां, अशा तीन निरनिराळ्या परंपरांचे. ज्यांच्या शुद्धतेचा आपण अभिमान वाहतों ते गवई आपल्या विद्येची जमवाजमव अशी तीन दारें ठोठावून करीत होते.

परंतु आम्हांस सर्वांत विचारांत पाडलें तें 'एकच प्याला'नें. हें नाटक १९१९ सालचें. त्यांतील सिंधु ही पतिव्रताधर्माची परिसीमा. तिचीं पदें बालगंधर्वांच्या मुखानें ऐकून सारा महाराष्ट्र रडला. घरोघरच्या लेकीसुनांनीं तीं पाठ केलीं. पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांचीं. आणि त्यांच्या चाली पुरविल्या त्या पुण्याच्या सुंदराबाईंनीं. सुंदराबाई बैठकीच्या गायिका. गझल, दादरा, ठुमरी, लावणी हा त्यांच्या गाण्याचा प्रांत. ज्या बैठकींत कोणाहि कुलीन स्त्रीस पाऊल ठेवतां आलें नसतें, त्या बैठकींतलें हें धन रंगभूमीच्या दारानें माजघरांत आलें आणि पातिव्रत्याच्या तोंडीं शोभलें. आतां सिंधूचें पद मधल्या ढिगांत आणि सुंदराबाईंची तबकडी डाव्या ढिगांत ठेवणें, म्हणजे लेकीस पाटावर बसवून आईस अंगणांत उभी करणें होय. आम्हीं प्रथम तसेंच केलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

या सर्व प्रकारांची मिसळण रंगभूमीवर झाली खरी. पण ती घरांत आणून कपाटांत ठेवली ती तबकडीनें. याचा इतिहास थोडक्यांत असा. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेडरिक गायसबर्ग हे १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आले, आणि नोव्हेंबर महिन्यांत त्यांनीं जीं गाणीं घेतलीं त्यांत गौहरजान यांचीं होतीं. त्या काळीं विजेचें साधन नव्हतें. गाणारानें एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें, आणि तीन मिनिटांच्या आंत गाणें आटोपावें. मेणावर उमटलेल्या रेघा जर्मनींतील हॅनोव्हरला जात आणि तयार तबकड्या आगबोटीनें परत येत. गाण्याच्या शेवटीं गायिका आपलें नांव इंग्रजींत पुकारीत, तें परदेशांतील कारागिरांस तबकडी कोणाची हें कळावें म्हणून. १९०८ मध्यें कलकत्त्यासच कारखाना निघाला. पुढें १९२५ च्या सुमारास विजेवरील ध्वनिमुद्रण आलें आणि हळू, नाजूक आवाजांनाहि तबकडीवर जागा मिळाली.

या यंत्राच्या येण्यांत दैवाचा एक खेळ आहे. भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या आवाजाचें वर्णन करतांना आमच्या पणजोबांच्या पिढीचे लोक थकत नसत, ते १९०१ च्या फेब्रुवारींत वारले. यंत्र कलकत्त्यास येण्यास अवघीं पावणेदोन वर्षें कमी पडलीं, आणि तो आवाज कायमचा गेला. अल्लादियाखां १९४६ पर्यंत हयात होते. परंतु त्यांनीं आपलें गाणें तबकडीस दिलें नाहीं. पुष्कळ उस्तादांची वृत्ति प्रथम अशीच होती. पिढ्यान्पिढ्या जपलेली विद्या बाजारांत तीन मिनिटांच्या तुकड्यांनीं विकावी, ती वाटेल त्यानें वाटेल तेथें वाजवावी, आणि चहाच्या दुकानांतल्या गिऱ्हाइकांनीं ऐकून उचलावी, हें त्यांस कसें रुचावें? त्यांचा आक्षेप अगदीं पोकळ होता असें आम्ही म्हणत नाहीं. तासभर उलगडणारा विलंबित ख्याल तीन मिनिटांत कोंबला म्हणजे त्याचा सांगाडाच हातीं लागतो. ज्यांनीं गाणें केवळ तबकडीवरून ऐकलें त्यांस आलापाचा धीमेपणा कधीं कळलाच नाहीं, हेंहि खरें.

परंतु उस्ताद मागें राहिले तेव्हां पुढें कोण आलें? बहुतेक बायका. गौहरजान, अलाहाबादच्या जानकीबाई, आग्ऱ्याच्या जोहराबाई या पहिल्या दशकांतील मोठ्या नांवांच्या गायिका. यांतील जोहराबाईंची तबकडी आमच्या पेटींत आहे. त्यांचें ध्वनिमुद्रण १९०८ ते १९११ च्या दरम्यानचें. पिन टेकतांच प्रथम तेल कढत असल्यासारखी खरखर ऐकूं येते, आणि मग त्यांतून असा भरदार, निर्भय आवाज उठतो कीं ऐकणारानें पाठ ताठ करून बसावें. ख्याल त्या गात, ठुमरीहि गात. एक थोर आणि दुसरी हलकी असा हिशेब त्यांच्या गळ्यांत नाहीं. ज्या स्त्रियांच्या घराच्या रस्त्यानें भल्या माणसानें दिवसां जाऊं नये असा दंडक होता, त्यांचा आवाज पुढील तीस वर्षांत भल्या माणसांच्या सोप्यांत, गणपतीच्या तसबिरीखालीं, निर्वेध गाऊं लागला. देह दाराबाहेर आणि आवाज आंत, अशी ही तडजोड होती. तींत न्याय कितपत होता हें वाचकांनींच ठरवावें. पण तिच्यामुळें आमच्या कुटुंबांच्या कानांवर जें पडलें तें दुसऱ्या कोणत्याहि उपायानें पडलें नसतें.

कारण असें कीं, तबकडीपूर्वीं प्रत्येक गाण्यास आपली जागा होती आणि प्रत्येक जागेला आपला दरवाजा होता. कीर्तन देवळांत, ख्याल दरबारांत अथवा श्रीमंतांच्या बैठकींत, ठुमरी कोठीवर, लावणी फडावर, ओंवी जात्यावर. एका माणसास, त्यांतून एका बाईस, या सर्व जागीं जाणें या जन्मीं शक्य नव्हतें. कंपन्यांनीं याद्या छापल्या त्या सुधारणेसाठीं नव्हेत, विक्रीसाठीं. ज्या दुकानांत अभंगाची तबकडी मिळे त्याच फळीवर लावणीची, विनोदी संवादाची आणि सनईचीहि मिळे. व्यापाऱ्यास गाण्याचें सोंवळेंओंवळें नसतें. त्याच्या या निर्विकारपणानेंच दरवाजांची ती व्यवस्था मोडली. पुढें १९३१ मध्यें बोलपट आला तेव्हां तर बांधच फुटला. 'मानापमाना'चे टेंबे १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत हरिश्चंद्र होऊन उभे राहिले व त्याचें संगीतहि त्यांनींच केलें. १९३६ च्या 'संत तुकाराम' बोलपटासाठीं शांताराम आठवले यांनीं रचलेला एक अभंग इतका बेमालूम उतरला कीं, भल्याभल्यांनीं तो तुकोबांचाच समजला. आमच्या आजोबांनीं ती तबकडी भजनांत धरली होती कीं बोलपटांत, कोण जाणे! जी. एन. जोशी यांच्यासारख्या वकिलीची पदवी घेतलेल्या तरुणानें ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गाइली, आणि कविता वाचावयाची कीं गावयाची हा वादहि त्याच सुमारास निकालांत निघाला. भावगीत म्हणून ज्यास आपण आज वेगळें काढतों तें असें कविता, नाट्यपद व ठुमरी यांच्या संगमावर जन्मलें.

मग शास्त्रीय, सुगम, लोक, चित्रपट, अशा या भिंती आल्या कोठून? या भिंती घालणारे लोक वाईट नव्हते. उलट त्यांचें ऋण मोठें आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, व पंडित भातखंड्यांनीं घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून त्या छापून सर्वांस खुल्या केल्या. गाणें म्हणजे बदफैलीपणा, हा समज घालवून तें विद्या म्हणून मध्यमवर्गाच्या मुलांमुलींस शिकतां यावें, यासाठीं या दोघांनीं आयुष्यें वेंचलीं. परंतु एखादी वस्तु प्रतिष्ठित करावयाची म्हणजे तिचे गरीब नातलग दृष्टीआड करावे लागतात, हा जगाचा नियमच आहे. तेथून पुढें गाण्याची प्रतवारी सुरू झाली. सरकारी नभोवाणीनें १९४० सालीं पेटी, म्हणजे हार्मोनियम, गाण्याच्या साथींतून हद्दपार केली. ती परदेशी आणि बेसूर, हा तिच्यावरील आरोप. आणि ही हद्दपारी उठावयास १९७१ साल उजाडावें लागलें. स्वराज्यांत १९५२ सालीं नभोवाणीखातें बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांकडे आलें. अभिजात संगीताविषयींचा त्यांचा कळवळा खरा होता, आणि आकाशवाणीनें थोर गवयांस त्या काळांत जो आश्रय दिला तो विसरतां येणार नाहीं. पण त्याच वर्षीं चित्रपटगीतें आकाशवाणीवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. लोकांनीं काय केलें? त्यांनीं कांटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरांत 'विविध भारती' सुरू करून सरकारनें तीं गाणीं पुन्हां घरांत घेतलीं. या पांच वर्षांत शास्त्रीय गाण्याचे श्रोते वाढले असतील किंवा नसतील; परंतु दोन प्रकारांच्या श्रोत्यांमध्यें एकमेकांविषयीं आढी मात्र निश्चित वाढली. आमच्या बंधूंच्या तोंडचा 'गाळ' हा शब्द त्या आढीचाच नातू होय.

कोणी म्हणेल कीं, हा सगळा युक्तिवाद अभिरुचीच्या मुळावर येणारा आहे. सर्वच चांगलें म्हटलें कीं चांगलें असें कांहीं उरतच नाहीं. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. आमच्या पेटींतहि टाकाऊ तबकड्या आहेत. कित्येक विनोदी संवाद असे आहेत कीं त्यांतील विनोद तेव्हां तरी कोणास कळला असेल कीं काय, याची शंका वाटते. आणि एका नामांकित गवयाचा एक ख्याल केवळ घाईनें केलेला आहे. निवड ही केलीच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ती चिजेची व्हावी, जातीची होऊं नये. मानवजातीनें आपली निवड करण्याचा प्रसंग एकदां खरोखरच आला होता. १९७७ सालीं अमेरिकेनें सूर्यमालेबाहेर जाण्यासाठीं जीं दोन 'व्हॉयेजर' यानें सोडलीं त्यांवर पृथ्वीच्या संगीताची एकेक सोनेरी तबकडी बसविली आहे. तींत बाख व बीथोव्हेन आहेत, चक बेरी यांचें अमेरिकन धांगडधिंग्याचें गाणें आहे, पेरू देशांतील एका मुलीचें लग्नाचें गाणें आहे, आणि भारताकडून गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. केसरबाई अल्लादियाखांच्या शिष्या. गाण्याच्या शुद्धतेविषयीं त्यांच्याइतक्या कडक गायिका क्वचितच झाल्या असतील. तीं यानें सुटलीं त्याच वर्षीं त्या निवर्तल्या. त्यांचा आवाज ज्या तबकडीवर तारकांकडे चालला आहे तिच्यांत असे ढीग पाडलेले नाहींत.

आतां पुन्हां आमच्या सोप्यांतील सतरंजीकडे वळूं. ढिगांचें काम अडून बसल्यावर आम्हीं तबकड्या उजेडाकडे तिरप्या धरून त्यांची झीज पाहण्यास सुरुवात केली, आणि आजोबांच्या ख्यातीस प्रथम तेथें तडा गेला. त्यांनीं आवर्जून जमविलेल्या ख्यालांच्या तबकड्यांपैकीं पुष्कळशा अगदीं तुकतुकीत होत्या. करड्या पडल्या होत्या त्या भलत्याच: 'एकच प्याला'तील बालगंधर्वांचें एक पद, सुंदराबाईंची एक तबकडी, खांसाहेबांची झिंझोटीची ठुमरी, 'संत तुकारामां'तील अभंग, आणि जोहराबाईंचा ख्याल. तिन्ही ढिगांतून निवडल्यासारख्या या पांच. आणखी एक चमत्कार असा कीं, या पांचांच्या व दुसऱ्या कांहीं तबकड्यांच्या कागदी पाकिटांच्या कोपऱ्यांत दोऱ्याचा एकेक टांका घातलेला होता. कोठें तांबडा, कोठें हिरवा, कोठें काळा. पाकीट फाटलें म्हणून शिवलें असावें, असें आम्हांस वाटलें. पण कागद तर कोठेंच फाटलेला नव्हता.

आमच्या आत्याबाई नव्वदीपार गेल्या आहेत. त्या त्या वेळीं आंतल्या खोलींत होत्या. आम्हीं पाकीट त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं टांक्यावरून बोट फिरविलें आणि म्हणाल्या, "हा आईचा हात." मग हळूहळू सगळी हकीकत निघाली. आजीस इंग्रजी अक्षरें वाचतां येत नसत व तबकड्यांवरील नांवें बहुधा इंग्रजींत. म्हणून ओळखीसाठीं तिनें दोरे घातले होते. आजोबा शाळेंत गेले व घरांतली निजानीज झाली म्हणजे दुपारीं ती सोप्याचें दार लोटून घेई, आवाज रस्त्यावर जाऊं नये म्हणून यंत्राच्या तोंडांत लुगड्याचा जुना तुकडा कोंबी, आणि तांदूळ निवडीत ऐकत बसे. पिनांची डबी आजोबांच्या मोजणींतली. प्रत्येक बाजूस नवी पिन घालावी असा नियम. तो नियम पाळला तर चोरी उघडकीस यायची. तेव्हां आजोबांनीं टाकून दिलेल्या बोथट पिना ती वेंचून पदराच्या गांठींत ठेवी व त्याच पुन्हां वापरी. बोथट पिन तबकडीस फार खाते, हें तिला ठाऊक नसावें; किंवा ठाऊक असूनहि इलाज नसावा.

"आणि रंगांचा अर्थ काय?" आम्हीं विचारलें. आत्याबाई म्हणाल्या, "काळ्या दोऱ्याच्या ती सणावारीं लावीत नसे. म्हणायची, त्या ऐकल्या कीं माहेर आठवतें." तांबड्याचा व हिरव्याचा अर्थ त्यांस आठवेना. आम्हीं काळ्या दोऱ्याच्या तबकड्या एकत्र लावून पाहिल्या. त्यांत जोहराबाईंचा ख्याल होता, एक लावणी होती, तो अभंग होता आणि एक सनई होती. कोणत्याहि संगीतशास्त्राच्या ग्रंथांत हे चार प्रकार एका प्रकरणांत सांपडणार नाहींत. परंतु दुपारच्या शांततेंत, दार लोटून, एकटीनें ऐकणाऱ्या त्या बाईच्या कानांस त्यांत एकच कांहीं ऐकूं येत होतें, आणि तें तिनें आपल्या ऐपतीप्रमाणें नोंदवून ठेविलें होतें. तिला बैठक कधीं लाभली नाहीं. नाटकास ती दोनदां गेली, तेंहि बायकांच्या बाजूस बसून. मिरज घरापासून सहा मैल, पण खांसाहेबांस तिनें कधीं पाहिलें नाहीं. तिचें सारें संगीत या पेटीएवढें होतें. आणि त्रेसष्ट तबकड्यांचा हा संग्रह 'आजोबांचा' म्हणून आम्ही साठ वर्षें ओळखत होतों.

आम्हीं ढीग मोडले. पेटी तूर्त बंधूंच्याच घरीं आहे. जागा त्यांनींच केली. तबकड्यांचा नवा अनुक्रम लावण्याचा विषय पुन्हां निघाला नाहीं. बंधूंनीं कोठून तरी चावीचें एक जुनें यंत्र मिळविलें आहे व नव्या पिनांची एक डबीहि आणली आहे. दिवाळींत आम्ही सर्व तेथें जमलों तेव्हां त्यांच्या सुनेनें कोणती तबकडी लावावी म्हणून पेटींत हात घातला, तो काळ्या दोऱ्यावर पडला. बंधूंनीं तिला थांबविलें आणि म्हटलें, "ती नको. आज सण आहे."